भरलेल्याला लाल धागा

आमच्या घरात दिवसभर एक आवाज चालू असतो. बुडबुड, बुडबुड. मामाजींच्या खाटेजवळ ऑक्सिजनचं सिलेंडर उभं असतं, त्याला पाण्याची छोटी बाटली लावलेली, त्या पाण्यातून हवा जाते आणि नळीतून त्यांच्या नाकात. पाहुणे आले की म्हणतात, "सुरभी, डोकं नाही का उठत या आवाजानं?" मी म्हणते, तुम्ही चहा प्या आणि मला तो ऐकू द्या. माहेरी, पिपरी मेघ्यात, मला सगळे तिखट मिरची म्हणायचे. फटकळ आहेच मी. पण या आवाजाच्या बाबतीत मी फटकळ नाही, मी घाबरट आहे. तो थांबला की काय होतं, ते मी एकदा पाहिलंय.

मामाजी म्हणजे माझे सासरे, लक्ष्मणराव. शेती थोडी, त्यामुळे उमेदीची सगळी वर्षं जिनिंगमध्ये गेली. कापसाची धूळ छातीत जाऊन बसली ती बसलीच. डॉक्टरांनी सांगितलं, आता यांना घरी ठेवा, पण ऑक्सिजन तुटता कामा नये. नवरा सचिन नोकरीला रायपूरला. घरात मी, सासूबाई देवकाबाई आणि खाटेवर मामाजी. दवाखान्यासाठी समुद्रपूर जवळ म्हणायला आहे, पण गाडी असेल तर. आणि गाडी म्हटली की आमच्या गावात एकच नाव निघतं, धम्मदीप.

धम्मदीप हा लहानूचा मुलगा. लहानू आणि मामाजी एकाच जिनिंगमध्ये कामाला होते. मामाजी मशीनवर, लहानू गाठी उचलायला. लहानू पाठीच्या दुखण्यानं लवकर गेला. धम्मदीप शिकला, बुटीबोरीकडे एका मोठ्या गोदामात लागला. तिथं त्याला निळं जाकीट मिळालं होतं, त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लॉजिस्टिक्स लिहिलेलं. गोदामाचं कंत्राट संपलं, जाकीट परत गेलं, शब्द मात्र तो घेऊन आला. जुनी पिकअप घेतली आणि पहिलं काम काय केलं? जाम चौरस्त्यावरच्या पेंटरकडून मागच्या फाळक्यावर लिहून घेतलं: धम्मदीप लॉजिस्टिक्स.

गाडी दाखवायला तो पहिल्यांदा आमच्याच अंगणात आला होता. मामाजी तेव्हा खुर्चीवर बसू शकत होते.

"काय बे, काय लिवलं हे?"

"लॉजिस्टिक, काका."

"म्हंजे?"

"म्हंजे सामान इथून उचलायचं न् तिथं पोचवायचं."

"मंग हमाली म्हन ना लेका! तुह्या बापानं जनमभर थेच केलं. त्यानं नाई लिवलं पाठीवर."

मला कसंतरीच झालं. धम्मदीप हसला, पण कान लाल झाले त्याचे. म्हणाला, "काका, बाबा उचलत होते. काय उचलायचं, कवा उचलायचं न् कोनाच्या दारात ठेवायचं, थे मालक सांगे. आता थे बी माह्याच डोक्यात राह्यते. त्याच्यातलं एक चुकलं का बाकीचं सारं बरोबर करून फायदा नाई."

"हमालीच व्हय थे," मामाजी म्हणाले. तेव्हापासून तो दारात दिसला की "आला का हमाल?" ठरलेलं. मी एकदा त्यांना चांगलंच सुनावलं. "मामाजी, असं बोलू नये, पोरगा काय म्हणेल?" तर मलाच म्हणाले, "माह्या दोस्ताचा पोरगा हाये. म्या काय बी म्हनीन." लॉजिस्टिक हा शब्द काही त्यांनी तोंडातून काढला नाही.

गावानं मात्र काढला. अर्थ कोणी विचारला नाही, वापर सुरू झाला. लग्नाच्या गाद्या आणायच्या, लॉजिस्टिकले फोन लाव. तानबाच्या बकऱ्या बाजारात न्यायच्या, लॉजिस्टिकले सांग. पाणी तापायच्या आत कोणी आंघोळीला बसलं तर त्याचं लॉजिस्टिक चुकलं. आमच्या सासूबाई तर अशा पटाईत झाल्या की भाजीच्या आधी भाकरी ताटात पडली तरी म्हणायच्या, "सुरभी, तुहं लॉजिस्टिक बिघडलं वो आज!" आणि स्वतःच खो-खो हसायच्या.

मामाजींच्या सिलेंडरचं सगळं धम्मदीपनंच बसवून दिलं होतं. तीन सिलेंडर. एक लावलेलं, एक भरलेलं आतल्या खोलीत, आणि एक रिकामं ओसरीवर. ओसरीवरचं तो उचलायचा, बुटीबोरीच्या प्लांटवरून भरून आणायचा. आता भरलेलं आणि रिकामं दिसायला सारखंच. वजनातही हाताला फारसा फरक कळत नाही, हवाच ती. आत किती हवा उरली ते दाखवणारा काटा असतो तो लावलेल्यालाच. खडूची खूण पुसली जायची. म्हणून त्यानं एक दिवस सासूबाईंना विचारलं, "काकू, तुमच्याजवळचा थो पूजेचा लाल धागा द्या बरं थोडा." भरलेल्याच्या मानेला लाल धागा. लावताना धागा तोडायचा. रिकाम्याला धागा नाही. इतकं सोपं होतं की सासूबाईही कधी चुकल्या नाहीत.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे नवमीला हत्यारांची पूजा असते. विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, माझी शिलाई मशीन, सगळं धुऊन-पुसून देवघरासमोर मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, धागा बांधायचा. ज्याच्यावर घर चालतं त्याला हात जोडायचे. मी चुलीपाशी पुरणात गुंतले होते. सासूबाईंनी आतलं सिलेंडर आणि ओसरीवरचं सिलेंडर, दोन्ही तिरपी करून गोल फिरवत देवघरासमोर नेली. मी पाहिलं तेव्हा दोघांना कुंकू लागलेलं, झेंडूचं फूल ठेवलेलं, पुसताना जुना धागा निघालेला आणि दोघांच्याही मानेत नवाकोरा लाल धागा.

"आई, यांची कशाला पूजा?"

"काऊन नाई? तुह्या मामाजीचा जीव ज्याच्यात हाये, त्याले वगळू का मी?"

मी पुन्हा पुरणाकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. संध्याकाळी जागा मोकळी करायला त्यांनी एक सिलेंडर आत नेलं, एक ओसरीवर ठेवलं. कोणतं कुठं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. दोन्ही पुजलेली, दोन्ही सारखी.

दसऱ्याला उजाडता उजाडता हॉर्न वाजला. धम्मदीपची पिकअप नागपूरला निघाली होती, दीक्षाभूमीवर. मागे वस्तीतल्या बायका, पांढऱ्या साड्या, डब्यांच्या पिशव्या, निळा झेंडा. पुढे त्याची आई मीराबाई बसली होती. मीराबाईनं लग्नापासून एकही वर्ष दीक्षाभूमी चुकवलेली नाही, गुडघे गेले तरी नाही. जाता जाता सिलेंडर प्लांटवर टाकायचं आणि येताना भरून आणायचं, असं ठरलेलं.

धम्मदीप ओसरीवर आला आणि थबकला. "काकू, याले धागा कसा?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "पूजेचा व्हय बाबा थो. कालची पूजा नोयती का?"

यात खोटं काय होतं? काही नाही. त्यानं विचारलं, त्यांनी खरं ते सांगितलं. त्यानं धागा तोडून खिशात टाकला, सिलेंडर खांद्यावर घेतलं. मामाजी खाटेवरून म्हणाले, "हमाल, संत्रा बर्फी आनजो." तो म्हणाला, "आनतो काका. जय भीम." गाडी गेली.

दुपार कलायच्या आधी काटा लाल पट्ट्यात आला. मी रोजच्यासारखी उठले. पाना देवघरात होता, पूजेत. उचलायला गेले तर सासूबाईंनी हात धरला, "अवं, उत्तरपूजा व्हायची हाये अजून." मी हात सोडवून घेतला. आतलं सिलेंडर ओढत आणलं, धागा तोडला, लावलेल्याचा काटा काढून याला बसवला, चावी फिरवली.

काटा हललाच नाही.

मला वाटलं, नीट बसला नाही. पुन्हा काढला, वायसर पुसला, पुन्हा बसवला. फिरवली चावी. काटा खाली पडूनच. मी सिलेंडरला कान लावला, आत काहीच नाही. धावत जाऊन आधी जुनं सिलेंडर पुन्हा जोडलं, त्यात जे काही उरलं होतं ते मामाजींना मिळू दे म्हणून. बुडबुड सुरू झाली, पण हळू. तेव्हा मला सगळं एकदम कळलं. रिकामं घरात आहे आणि भरलेलं नागपूरच्या रस्त्यावर आहे.

"आई," मी म्हणाले, "तुम्ही दोन्हींना धागा बांधला होता."

त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. भिंतीला धरून त्या खाली बसल्या.

धम्मदीपला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. त्या दिवशी नागपूरच्या रस्त्यावर एवढी माणसं असतात की फोन लागणं म्हणजे नशीब. एकशे आठला लावला. तिकडच्या बाईनं शांतपणे पत्ता लिहून घेतला, गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली आहे, लांबून येईल, निघतेच आहे म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. तिची काय चूक? पण ओरडले. बाहेर पळाले तर गल्ली रिकामी. कोणी नागपूरला, कोणी सासुरवाडीला. शेजारच्या श्रावणचा ट्रॅक्टर उभा होता, पण श्रावण नव्हता. आणि असता तरी? मामाजींना बसतं केलं तरी दम लागायचा, ट्रॅक्टरच्या हादऱ्यात किती टिकले असते?

मी हवेची मात्रा कमी केली. पुरवून पुरवून द्यायची, दुसरा इलाज काय? मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना न सांगताच समजलं होतं. माणसाला आपला श्वास कळतोच. बोटाला लावलेल्या, अंगातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या चिमट्यातला आकडा उतरत होता. मी तो पाहत होते आणि तो त्यांना दिसू नये म्हणून त्यांचा हात पदराखाली घेऊन बसले होते. खरं सांगते, मला त्या क्षणी सासूबाईंचा इतका राग आला होता की त्या समोर आल्या असत्या तर मी काय बोलले असते कोण जाणे. आणि त्याच वेळी त्या कोपऱ्यात बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होत्या, "म्या मारलं वो, म्याच मारलं त्याह्यले," आणि मला त्यांना थांबवायला उठता येत नव्हतं.

बुडबुड एकेकटी यायला लागली. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक. मग नाहीच.

इतकी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. मामाजींचं तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, ओठ जांभळे पडत चाललेले. मी त्यांना माझ्या खांद्यावर टेकवून बसवलं आणि म्हणत राहिले, "घ्या मामाजी, घ्या, हळू घ्या." काय घ्या? घ्यायला होतं काय? देवाला म्हणाले, बाबासाहेबांना म्हणाले, धम्मदीपला म्हणाले, ये रे बाबा, कुठं आहेस तू, ये.

तो कुठं होता, ते मला नंतर मीराबाईनं सांगितलं. नागपूरकडे जाणारा रस्ता गाड्यांनी तुंबलेला, प्लांटवर पोचायलाच दुपार झाली, आणि तिथं सणाचा एकच माणूस कामावर होता. भरायच्या आधी उरलंसुरलं सोडून द्यायला त्यानं सिलेंडरची चावी जराशी फिरवली, तर असा फुसकारा आला की तो मागे सरकला. "अबे, ये तो भरा हुआ है!" म्हणाला. धम्मदीपनं खिशात हात घातला. तोडलेला धागा निघाला. "पूजेचा व्हय बाबा थो." मीराबाई म्हणते, पोरगं जागच्या जागी पांढरं पडलं. त्यानं आम्हाला फोन लावला तर आमचा सारखा लागलेला, मीच त्याला लावत होते ना!

पिकअप भरलेली. दीक्षाभूमी आता फार लांब राहिली नव्हती. तो बायकांना म्हणाला, "तुम्ही इथं उतरा, दुसरी गाडी भेटते काय पाहा, मले मांगं जा लागते." मागे आठ-दहा म्हाताऱ्या. एकेकीला फाळक्यावरून उतरवायचं म्हणजे हाताला धरून, पिशवी देऊन, चप्पल शोधून. मीराबाई पुढच्या सीटवरून म्हणाली, "उतराले येळ जाईल. फिरव गाडी." मागच्या बायकांतल्या कोकिळाबाईनं झेंडा काढून हातात धरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

मी हॉर्न ऐकला तेव्हा मला भास वाटला. मग ओसरीवर पावलांचा आवाज आला आणि धम्मदीप सिलेंडर खांद्यावर घेऊन, चपलेसकट, थेट आत. "पाना!" मी पाना फेकला. घाईत सिलेंडर डुलत होतं, काटा आट्यांवर बसेना. सासूबाई कधी उठल्या मला कळलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी सिलेंडरला मिठी मारली आणि ते स्थिर धरलं. काटा बसला. त्यानं चावी फिरवली.

काटा उडून वर गेला. बाटलीत पाणी उसळलं. बुडबुड, बुडबुड, बुडबुड.

पण मामाजी तसेच. डोळे मिटलेले. चिमट्यातला आकडा जागचा हलेना. धम्मदीप खाटेच्या पायाशी गुडघ्यावर बसला, त्यांचे तळवे चोळत, "काका, ओ काका, घ्या ना." दारात पांढऱ्या साड्या येऊन उभ्या होत्या, आत यायला कोणी धजत नव्हतं. मला वाटलं, उशीर झाला. सगळं बरोबर झालं, गाडी आली, सिलेंडर आलं, बसलं, आणि तरी उशीर झाला.

मग छाती वर आली. खोल. एकदा, आणि पुन्हा. ओठांवरचा जांभळा रंग हळूहळू उतरायला लागला. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे नाही, पायाशी पाहिलं. ओठ हलले. मी कान नेला. आवाज असा नव्हताच, नुसती हवा.

"आलं का... लॉजिस्टिक?"

धम्मदीप रडायला लागला. एवढा मोठा गडी, भिंतीला पाठ लावून लहान पोरासारखा रडला. मीही रडले, मला लाज वाटली नाही.

थोड्या वेळानं एकशे आठ आली, डॉक्टरनं तपासलं, मामाजींना दवाखान्यात नेलं, धम्मदीप सोबत गेला, आणि दोन दिवसांनी त्यांना परत पाठवलं. पण त्या संध्याकाळी अंगणात जे झालं ते मी विसरणार नाही. पांढऱ्या साड्या आमच्या अंगणात बसल्या होत्या. डबे तिथंच उघडले गेले. सासूबाई मीराबाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मीराबाई सणाच्या दिवशी आमच्या अंगणात कधी बसली नव्हती, कारण आम्ही तिला कधी बस म्हटलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "माह्यापायी तुमची दीक्षाभूमी हुकली, बाई."

मीराबाई म्हणाली, "तिथं लाखो मानसं हायेत. माह्यावाचून अडत नाई. इथं एकच होता."

आणि सासूबाईंनी तिला हाताला धरून ओसरीवर नेलं, चटई टाकली.

यंदाच्या नवमीला धम्मदीप आदल्याच दिवशी आला. आतलं आणि ओसरीवरचं सिलेंडर त्यानं स्वतः उघडून पाहिलं, भरलेल्याला धागा बांधला, रिकामं गाडीत टाकायच्या आधी दोनदा विचारलं. सासूबाईंनी पूजा केली, पण धाग्याची गुंडी हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "काऊन रे, तुह्या गाडीले बांधू का एक?"

तो म्हणाला, "बांधा काकू. पन भरेल हाये का रिकामी, पाहून बांधजा."

मामाजी खाटेवरून हसले, हसता हसता खोकले. माझ्या हातात भाकरीचं पीठ होतं. हात जागीच थांबले आणि मी कान दिला. खोकला थांबला. बुडबुड चालू होती. मी भाकरी तव्यावर टाकली.